टोचणी

हेमांगी ठवकर चिडखोर आहे, हे धन्वी मेडिकल सिस्टिम्सच्या नागपूर केंद्रात सगळ्यांना माहीत होतं, आणि तिच्या घरीही. केंद्रात नवीन आलेल्या मुली तिच्या शेजारची खुर्ची टाळायच्या. घरी तिची लेक आर्वी, आईच्या गाडीचा आवाज आला की अभ्यासाची वही उचलून आपल्या खोलीत जायची. नवरा नितेश पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. माणूस सोशिक, पण त्यानेही हल्ली संध्याकाळच्या फिरण्याची वेळ बदलून घेतली होती. हेमांगी आल्यावर निदान चहा होईपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा त्या घरात कुणी न ठरवलेला नियम होऊन बसला होता.

कामच तसं होतं. विदर्भातल्या लहान लहान गावांत डायलिसिसची यंत्रं पोचली होती, पण किडनीचे तज्ज्ञ डॉक्टर पोचले नव्हते. त्यावर धन्वीने तोडगा काढला. गावातल्या केंद्रात एक नर्स पेशंटला यंत्राला जोडणार, आणि नागपुरात बसलेला निरीक्षक पडद्यावर त्याचा रक्तदाब, नळ्यांमधला दाब, द्रवाचं तापमान बघत राहणार. काही बिनसलं तर यंत्र चालू ठेवायचं की थांबवायचं, हे निरीक्षक सांगणार. हेमांगीने मोठ्या हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात उमेदीची वर्षं काढलेली होती. सुरुवातीला तिच्याकडे चार यंत्रं होती. मग सहा झाली, मग दहा. पडदे वाढत गेले, डोळे तेच दोन.

वर त्या जागेची एक रीतच होती. "आपण एक कुटुंब आहोत," असं व्यवस्थापनाकडून रोज कुणीतरी म्हणायचं. रजा मागितली की, "घरच्या माणसांनी अशी रजा मागायची का?" असं हसत विचारलं जायचं. जेवायला उठलेल्या माणसाचं नाव पडद्यावर पिवळं व्हायचं आणि तो परत बसेपर्यंत पिवळंच राहायचं. दर शुक्रवारी केक यायचा. तो खायला खुर्ची सोडावी लागे, म्हणून बहुतेक वेळा तो तसाच राहायचा.

हेमांगीच्या पलीकडे बसणारा रोशन गजभिये एके दिवशी लिफ्टमध्ये छाती धरून खाली बसला. हार्ट अटॅक म्हणून नेलं, तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, भीतीचा झटका आहे. त्यानंतर लिफ्टचं दार उघडलं की त्याच्या तळहातांना घाम सुटायचा. त्याच महिन्यात दोघी नोकरी सोडून गेल्या, आणि कर्मचारी समाधानाच्या पाहणीत कंपनीच्या सगळ्या केंद्रांत नागपूर तळाला गेलं.

तेव्हा पुण्याहून संज्योत देवस्थळे आल्या. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख. आवाज मऊ, ऐकून घेण्याची पद्धत चांगली. त्यांनी एकेकाला बोलावून सगळं ऐकलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, माणसं वाढवा. देवस्थळेंनी मान डोलावली, आणि पुढच्या आठवड्यात माणसांऐवजी खोक्यांमधून 'निवांत' आली.

हरभऱ्याएवढी वस्तू, कानाच्या खोलगट भागात बसवायची. देवस्थळेंनी ती स्वतःच्या कानात लावूनच समजावून सांगितली. मेंदूतून निघून मानेतून छातीपोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक लांब नस असते. हृदय धडधडतंय, पोटात गोळा आलाय, श्वास आखडलाय, ही खबर मेंदूला मुख्यतः तिच्यातूनच मिळते, आणि 'आता सावकाश घ्या' हा मेंदूचा निरोपही तिच्यातूनच खाली जातो. या नसेची एक बारीक फांदी कानाच्या कातडीपर्यंत येते. तिथे विजेचे अगदी हलके ठोके दिले की शरीर शांत होतं. व्हेगसला असे ठोके देण्याचा उपाय फेफरं आणि नैराश्य यांवर डॉक्टर आधीपासूनच करत होते. निवांतने त्यात एक भर घातली. घामातलं कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं रसायन आणि नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर ती सारखं मोजत राहायची. ताण चढू लागला की माणसाला स्वतःला कळायच्या आत ठोके सुरू.

"म्हणजे राग येण्याआधीच उतरतो?" हेमांगीने विचारलं.

"राग, धडधड, पोटातला गोळा, सगळंच," देवस्थळे म्हणाल्या. "बुद्धीला काही होत नाही. आठवण, हिशेब, निर्णय, सगळं जसंच्या तसं. आम्ही तपासून घेतलंय."

ते खरं होतं. हेमांगीने निवांत लावली आणि दुपारपर्यंत तिच्या लक्षात आलं, की आपले खांदे खाली आहेत. इतकी वर्षं ते कानांपर्यंत चढलेले होते, हे तिला आत्ता कळलं. यंत्राची घंटा वाजली, तिने आकडे पाहिले, नर्सला सूचना दिली, पुढच्या पडद्याकडे वळली. संध्याकाळी घरी जाऊन तिने आर्वीला गणिताचं काय चाललंय म्हणून विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. महिन्याभरात आर्वी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून शाळेतल्या गमती सांगू लागली. नितेश एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला, "लग्नाच्या वेळची हेमांगी परत आली." तिलाही तसंच वाटत होतं.

रोशन तर कंपनीला दुवा देत होता. तो पुन्हा लिफ्टने जाऊ लागला होता. "मला झोप लागून राहिली गं," तो एकदा म्हणाला, एखादी जप्त झालेली वस्तू परत मिळावी तसा.

दारापाशी एक मोठा फलक लागला. प्रत्येक माणसाचा एक ठिपका. शांत असेल तर हिरवा, ताण असेल किंवा निवांत लावलेली नसेल तर लाल. फलक दिवसभर हिरवागार असायचा. नागपूर केंद्र समाधानाच्या यादीत तळातून पहिल्या जागी गेलं. मग यंत्रं दहाची चौदा झाली आणि चौदाची अठरा. कुणी कुरकुर केली नाही. जेवायला उठणं हळूहळू बंद झालं, कारण उठावंसं वाटायचंच नाही. पूर्वी चहाच्या टपरीवर माणसं वरिष्ठांच्या नावाने बोटं मोडायची. आता टपरीवर कुणी जात नव्हतं.

अहेरीचा फोन एका दुपारी आला. तिथल्या सिस्टर पुष्पा मडावी हेमांगीच्या जुन्या ओळखीच्या होत्या.

"मॅडम, कोडापेभाऊ पाठ दुखते म्हणून रायले. आकडे बरोबर हायेत, पण नळीतलं रक्त मले येगळंच दिसून रायलं. जांभळाच्या सरबतावानी."

पेशंट होते दिवाकर कोडापे, पोस्टात नोकरीला. हेमांगीने पडदा पाहिला. सगळे आकडे मर्यादेत होते. पाठदुखी आणि रक्ताचा बदललेला रंग म्हणजे काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुठेतरी नळीला पीळ पडतो, त्या चिंचोळ्या जागेतून जाताना रक्तपेशी फुटू लागतात, आणि यंत्राला ते कळत नाही. अशा वेळी क्षणाचाही विचार न करता यंत्र बंद करायचं, नळ्यांना चिमटे लावायचे आणि ते रक्त पेशंटला परत द्यायचं नाही. हे सगळं तिला आठवलं. नीट, ओळीने आठवलं. पण ते पडद्यावरच्या आणखी एका नोंदीसारखं आठवलं. शेजारच्या पडद्यावर सिरोंच्याची घंटा वाजत होती.

"आकडे ठीक आहेत, सिस्टर. थोडा वेळ बघू या. घाबरू नका," ती म्हणाली आणि सिरोंच्याकडे वळली.

पुन्हा फोन आला तेव्हा कोडापेंना धाप लागली होती. तिने यंत्र बंद करायला सांगितलं. रुग्णवाहिका त्यांना चंद्रपूरला घेऊन गेली. ते अतिदक्षता विभागात आहेत, वाचतील की नाही सांगता येत नाही, असं सिस्टर मडावींनी पुढे कळवलं. हेमांगीने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. फोन ठेवला आणि समोरच्या डब्यातली मेथीची भाजी संपवली. भाजी चांगली झाली होती.

पाळी संपल्यावर नियमाप्रमाणे निवांत काढून ती चार्जिंगच्या खणात ठेवायची, मग घरी. ठोक्यांचा अंमल त्यानंतरही बराच वेळ टिकायचा. त्या दिवशी तो वर्धा रोडवर, सिग्नलला, अचानक उतरला. मेथीच्या भाजीची चव तोंडात आली आणि तिने गाडी कडेला घेतली. हात हँडलवरून सुटेनात. माणूस तिकडे मरायला टेकला होता आणि मी जेवत होते, हे तिला कळलं, आणि या वेळी ते पोटात कळलं. तिला तिथेच उलटी झाली.

रविवारी ती चंद्रपूरला गेली. कोडापेंना भेटायला परवानगी नव्हती. बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. हेमांगीने आपण धन्वीतून आलो, एवढंच सांगितलं.

"सिस्टर लय घाबरली होती बाई," ती म्हणाली. "पण नागपूरच्या मॅडम एकदम शांत होत्या म्हणे. म्हणून आमाले बी धीर आला. नाहीतर आमीच नळ्या उपटून काढल्या असत्या."

"ती मीच," हेमांगी म्हणाली. "त्याच वेळी बंद करा म्हणायला पाहिजे होतं. चूक माझी झाली."

 बाईने पदर सावरून तोंड दुसरीकडे वळवलं आणि, "जा तुमी इथून," म्हणाली. हेमांगी उठली. जे ऐकलं ते तिला पूर्ण लागलं, आणि लागतंय याचंच तिला बरं वाटलं.

सोमवारी ती निवांत न लावता खुर्चीवर बसली. फलकावर एकटा लाल ठिपका पेटला. अठरा पडदे समोर होते, आणि पहिल्या तासातच तिला समजलं की अठरा पेशंटांची काळजी एका माणसाला करताच येत नाही. काळजी बाजूला काढल्याशिवाय ते काम होणारच नव्हतं. त्यासाठीच निवांतने ती काढून घेतली होती.

देवस्थळेंनी तिला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं. "कोडापेंचं मला फार वाईट वाटतं. पण आकडे मर्यादेत होते, तुम्हाला कुणीही दोष देत नाही."

"मी देते ना," हेमांगी म्हणाली. "मॅडम, मला माहीत होतं. फक्त टोचलं नाही. पूर्वी असा फोन आला की पोटात खड्डा पडायचा, आणि डोक्याने विचार करायच्या आत तोंडातून 'बंद करा' निघायचं. तो खड्डा तुम्ही बुजवलात."

"त्याच खड्ड्याने रोशन लिफ्टमध्ये पडले होते."

"रोशन दहा यंत्रांनी पडला. त्यावर तुम्ही त्याच्या कानाला इलाज केला."

देवस्थळेंनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "निवांत ऐच्छिक आहे. नका लावू. पण फलकावरचा गटाचा शांततेचा निर्देशांक घसरला तर गटाची शनिवारची सुट्टी जाते, हा नियम आहे. तो मी एकट्या तुमच्यासाठी बदलू शकत नाही."

शनिवारची सुट्टी गेली. मुली भांडल्या नाहीत, त्यांना भांडण येतच नव्हतं. एकीने जवळ येऊन अतिशय गोड आवाजात सांगितलं, "ताई, तुमच्या एका ठिपक्यासाठी सगळ्यांना त्रास होतोय. लावून टाका ना."

घरीही तेच. हेमांगी पुन्हा कातावू लागली होती. एका संध्याकाळी आमटी उतू गेली म्हणून ती आर्वीवर ओरडली. पोरगी रडली नाही. "मला ती आधीची आई पाहिजे," म्हणाली. "कानातलं लावणारी." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"तिचं काय चुकलं?" नितेश म्हणाला. "चार महिने या घरात माणसांसारखे राहिलो आपण. तू परत तशीच होणार आहेस का?"

"त्या चार महिन्यांत मी कुणालाही मारू शकले असते, नितेश. आणि घरी येऊन तुमच्याशी गोड बोलले असते."

नितेशने ओट्यावरचं फडकं उचललं.

"मी चिडते हे मला कळतं. तुम्हाला सोसावं लागतं, तेही कळतं," ती म्हणाली. "पण दुखणं केंद्रातल्या त्या खोलीचं आहे. मी औषध घेऊन ती बरी होणार नाही. मला थोडे दिवस दे. एक तर ती खोली बदलेल, नाहीतर मी तिथे नसेन. पण कान बंद करून मी बसणार नाही."

नितेशने गॅसवरची आमटी पुसून काढली. "थोडे दिवस," तो म्हणाला. पटल्यासारखा नव्हे, पण म्हणाला.

आरोग्य खात्याची समिती येणार होती. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांचं डायलिसिस धन्वीकडे सोपवायचं की नाही, हे ती ठरवणार होती. आदल्या दिवशी हेमांगीने रोशनला बंद पडायला आलेल्या त्या टपरीवर नेलं.

"मला काढायला सांगू नको," तो चहा हातात यायच्या आधीच म्हणाला. "तुझं वेगळं आहे. मी त्या लिफ्टमध्ये मेलो होतो."

"नाही सांगत. तू लाव. उद्या सकाळी डायलिसिस सुरू व्हायच्या आधी मी फक्त सहा यंत्रं स्वीकारणार. बाकीची नाकारणार. स्वीकारलं नाही तर यंत्र सुरू होत नाही, पेशंट दुपारच्या पाळीत जाईल. ज्याला तोवर थांबणं शक्य नाही, त्याला मी आधी घेणार. सगळ्या सिस्टरांशी बोललेय मी."

"काढून टाकतील तुला."

"टाकू दे. तुला भीती वाटून राहिली का?"

रोशनने प्रामाणिकपणे विचार केला. बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "नाही," तो म्हणाला. "खरं सांगू का, इतक्यात मला कशाचीच भीती वाटली नाही." त्याने कानाला हात लावला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हणजे देवस्थळे मॅडमचीही वाटून नाही राहिली. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल."

सकाळी समिती फलकासमोर उभी होती. देवस्थळे हिरव्या ठिपक्यांबद्दल सांगत होत्या. एक लाल ठिपका पाहून समितीतल्या वयस्क डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे कोण?"

"मी," हेमांगी जागेवरून म्हणाली. तिचा आवाज कापत होता. तिने सहा यंत्रं स्वीकारली आणि मग एकेक करून बाकीची नाकारली. प्रत्येक नकाराला पडदा एक कर्कश सूर काढत होता. त्या शांत खोलीत तो सगळ्यांना ऐकू गेला.

देवस्थळे जवळ आल्या. "हेमांगी, पेशंट वाट बघतायत. तुमच्यामुळे."

"हो, माझ्यामुळे. थांबू दे त्यांना. दुपारी मी त्यांच्याकडे बघू शकेन. आत्ता घेतले तर मी फक्त आकडे बघेन."

पलीकडून तोच कर्कश सूर आला. रोशनने सातवं यंत्र नाकारलं होतं. मग आठवं.

"रोशन, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? तुमची तब्येत..."

"तब्येत मस्त आहे, मॅडम," रोशन खुर्ची वळवून म्हणाला. त्याच्या आवाजात काडीचाही थरकाप नव्हता. "फलक बघा ना. माझा ठिपका हिरवाच आहे. एकदम समाधानी माणूस आहे मी. फक्त अठरा घेणार नाही."

त्या खोलीत पुष्कळ दिवसांनी कुणीतरी हसलं. मागे 'लावून टाका ना' म्हणणाऱ्या त्या गोड आवाजाच्या मुलीने आधी रोशनकडे, मग फलकावरच्या हेमांगीच्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. तिने कानातली निवांत काढून टेबलावर ठेवली आणि आपल्या पडद्याकडे वळली. सगळ्यांनी तसं केलं नाही. निम्म्या माणसांनी नेहमीसारखी अठरा यंत्रं घेतली आणि मान वर केली नाही. पण फलकावर लाल ठिपके दाटू लागले होते, आणि कर्कश सूर काही थांबत नव्हते.

डॉक्टरबाई हेमांगीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "एका माणसाने किती पेशंट बघावेत असं तुमचं म्हणणं आहे?"

"ज्यांची नावं न बघता सांगता येतील, तितके," हेमांगी म्हणाली. आणि तिच्याकडच्या सहाही जणांची नावं, गावं, कुणाला कालपासून सूज आहे आणि कुणाचा दाब शेवटच्या तासात उतरतो, हे तिने पडद्याकडे पाठ करून सांगितलं. सांगताना तिला रडू येत होतं. ते तिने लपवलं नाही.

समिती फारसं न बोलता गेली. पुढे काय झालं ते एका दिवसात झालं नाही. राज्याचं काम धन्वीला लगेच मिळालं नाही. एका निरीक्षकाकडे किती यंत्रं, याची मर्यादा ठरल्याशिवाय मिळणार नाही, असं खात्याने कळवलं. कंपनीने बरीच घासाघीस केली आणि शेवटी मर्यादा आठवर आली. हेमांगीला सहा हवी होती. दारावरचा फलक निघाला. निवांत लावायला कुणाला बंदी नव्हती, पण यंत्र बघताना ती काढून ठेवायची, असं ठरलं. रोशनने हे कळल्यावर दोन दिवस रजा घेतली, मग डॉक्टरांकडे जाऊन आपल्या झटक्यांवर रीतसर उपचार सुरू केले. तो जिन्याने येऊ लागला. कोडापे वाचले. त्यांचं हृदय पहिल्यासारखं राहिलं नाही, आणि त्यांच्या बायकोने हेमांगीचा फोन कधी घेतला नाही.

पावसाळा सरल्यावर देवस्थळेंनी हेमांगीला केबिनमध्ये बोलावलं. राजीनामा दिलात तर उत्तम शिफारस देऊ, म्हणाल्या. अजूनही त्यांचा आवाज तितकाच मऊ होता.

"राजीनामा देणार नाही," हेमांगी म्हणाली. "काढायचं असेल तर काढा. फक्त कारण लिहा, की जास्त पेशंट एका वेळी बघायला नकार दिला म्हणून."

असं कारण कुणी लिहिलं नाही. तिला नव्या माणसांना शिकवण्याचं काम दिलं, कदाचित तिने यंत्रांपासून लांब राहावं म्हणून. हेमांगीने त्यातही आपली आठ यंत्रं सोडली नाहीत. नव्यांना ती शेजारी खुर्ची टाकून तिथेच शिकवायची.

त्यांत एक बाई होती, अतिदक्षता विभागात काम करून आलेली. पहिल्याच दिवशी एका पेशंटचा दाब घसरला, वेळीच सावरला, पण तिच्या कपाळावर घाम आला होता.

"मॅडम, पोटात नुसता गोळा आलाय," ती म्हणाली. "याची सवय व्हायला किती दिवस लागतात?"

"सवय होऊ द्यायची नाही," हेमांगी म्हणाली. "ज्या दिवशी गोळा येणार नाही, त्या दिवशी मला सांगा. तुमची यंत्रं मी त्याच क्षणी काढून घेईन. आणि गोळा सहन होईनासा झाला, तरीही मला सांगा. मग आपण दोघी मिळून वरिष्ठांशी भांडू."

पडद्यावर सिरोंच्याची घंटा वाजली. दोघींनी एकदमच मान वळवली.